ताजेपणाची मुदत

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानीचे शहर झाले. त्याच वर्षी, रायपूरहून जाणाऱ्या मुंबई-हावडा लोहमार्गावरील दुसऱ्या एका शहराच्या परिसरात, नाशिकजवळच्या गंगापूर धरणालगत, अस्सल फ्रेंच वंशाच्या द्राक्षापासून तयार झालेली एक पांढरी वाइन प्रथमच बाजारात आली. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तथापि आज रायपुरातील एखाद्या चांगल्या उपाहारगृहात किंवा कुटुंबातील समारंभात ती बाटली समोर येते, तेव्हा उपस्थितांपैकी निम्म्यांना तिचे नाव उच्चारता येत नाही आणि उरलेल्यांना तिच्याबरोबर काय खावे, हे ठाऊक नसते. सोबत मसालेदार काजू ठेवले जातात, एखादा पाहुणा त्यात बर्फ टाकतो आणि पहिल्या घोटाला ‘फार आंबट आहे बुवा’ असा शेरा मिळतो.

हा शेरा चुकीचा नाही. ही वाइन आंबटच असते, किंबहुना आंबट असणे हाच तिचा गुण होय. आंबटपणा कोठून येतो, कोणत्या पदार्थाशी जुळतो आणि तो टिकविण्यासाठी कोणाला कोणती जोखीम घ्यावी लागते, हे समजले तर त्या बाटलीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. मद्य ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी ते वर्ज्यच ठेवावे. परंतु या द्राक्षाची कथा त्यांनीही जाणून घेण्याजोगी आहे, कारण तिच्यात शेतकरी आहे, प्रक्रिया-उद्योग आहे आणि बँकेचे कर्जही आहे.

रानटी नावाचे द्राक्ष

या द्राक्षाचे नाव ‘सोव्हिन्यों ब्लां’. ‘ब्लां’ म्हणजे पांढरा. ‘सोव्हिन्यों’ हा शब्द ‘रानटी’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला असल्याचे मानले जाते. फ्रान्समध्ये या द्राक्षाची दोन मोठी घरे आहेत. बोर्डो प्रांतात ते ‘सेमियों’ या दुसऱ्या द्राक्षासह मिसळले जाते. मात्र लुआर नदीच्या खोऱ्यात ते एकट्याने राज्य करते. नदीच्या डाव्या तीरावर सांसेर आणि समोरच्या तीरावर पुयी ही दोन गावे केवळ या एका द्राक्षावर जगप्रसिद्ध झाली. गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकात सांसेरची ख्याती प्रामुख्याने तांबड्या वाइनसाठी होती. त्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या, मुळे पोखरणाऱ्या किडीने फ्रान्समधील द्राक्षवेली उद्ध्वस्त केल्या. नव्याने लागवड करताना अमेरिकन वंशाच्या खुंटावर कलमे बांधावी लागली आणि त्या फेरलागवडीत सोव्हिन्यों ब्लांने सांसेरच्या टेकड्या व्यापल्या. १९३६ साली सांसेरच्या पांढऱ्या वाइनला कायद्याने संरक्षित असे प्रदेशनाम मिळाले. म्हणजे ज्याला आज शतकानुशतकांची परंपरा समजले जाते, ते एका अर्थी मोठ्या नुकसानीनंतर घेतलेले नवे पीक होय.

या द्राक्षाचा आणखी एक नातेसंबंध उल्लेखनीय आहे. १९९७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी जनुकीय चाचणीने दाखवून दिले, की जगातील सर्वांत प्रसिद्ध तांबडे द्राक्ष ‘काबर्ने सोव्हिन्यों’ हे ‘काबर्ने फ्रां’ आणि आपले हे पांढरे सोव्हिन्यों ब्लां यांचे अपत्य आहे. पांढऱ्या वेलीच्या पोटी काळे द्राक्ष जन्मावे, हे फ्रेंच जाणकारांनाही अनपेक्षित होते.

वासावरून हे द्राक्ष ओळखणे अवघड नाही. कापलेले हिरवे गवत, ढोबळी मिरची, कच्ची कैरी, लिंबाची साल, अर्धपिकला पेरू या वासांची आठवण त्यात होते. ढोबळी मिरचीचा उल्लेख येथे केवळ कविकल्पना नव्हे. मिरचीला तिचा हिरवा वास देणारा पायराझिन वर्गातील पदार्थ या द्राक्षातही प्रत्यक्ष असतो. द्राक्ष उन्हात अधिक पिकू लागले की तो घटतो आणि त्याबरोबर आंबटपणाही ओसरतो. म्हणून तोडणीचा दिवस निवडणे हीच या वाइनमधील सर्वांत मोठी कसोटी ठरते. चार दिवस आधी तोडले तर वाइन तुरट-हिरवी, आठवडाभर उशीर झाला तर गोडसर आणि निस्तेज.

गंगापूरची जमीन

राजीव सामंत हे स्टॅनफर्ड विद्यापीठातून अभियांत्रिकी शिकलेले आणि अमेरिकेत संगणक-क्षेत्रात नोकरी केलेले तरुण नव्वदीच्या दशकात परत आले आणि नाशिकजवळच्या कौटुंबिक जमिनीवर शेती करू लागले. आंबा, खाण्याची द्राक्षे असे प्रयोग झाल्यावर त्यांनी वाइनच्या द्राक्षांचा विचार केला. कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली १९९७ मध्ये सोव्हिन्यों ब्लां आणि ‘शेनिन ब्लां’ या, भारतात तोवर जवळजवळ अपरिचित असलेल्या, दोन फ्रेंच जातींची लागवड झाली. सामंत यांच्या मातोश्रींच्या ‘सुलभा’ या नावावरून उद्योगाचे नाव ‘सुला’ ठेवण्यात आले आणि २००० साली पहिली वाइन विक्रीस आली.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. फ्रान्समध्ये द्राक्षतोडणी सप्टेंबरच्या आसपास होते. आपल्याकडे पावसाळ्यात घड पिकविणे अशक्य. त्यामुळे वर्षातून दोन छाटण्या कराव्या लागतात. एप्रिलमधील खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि पावसाळा संपल्यावरची गोडी छाटणी फळासाठी. घड जानेवारी ते मार्चमध्ये तयार होतात. या काळातील नाशिकच्या थंड रात्री हेच तेथील खरे भांडवल, कारण रात्री उष्ण असतील तर वेल द्राक्षातील मॅलिक आम्ल जाळून टाकते. थंड असतील तर ते मण्यात राहते. तोडणी शक्यतो रात्री किंवा भल्या पहाटे उरकली जाते. रस पोलादी टाक्यांत, सुमारे चौदा ते सोळा अंश सेल्सिअस तापमानावर, सावकाश आंबविला जातो. लाकडी पिंपाचा वास त्याला सहसा लागू देत नाहीत आणि काही महिन्यांतच वाइन बाटलीत भरली जाते. येथे ऊर्ध्वपातन नाही, म्हणजे अर्क गाळणे नाही. छत्तीसगडच्या वाचकांना मोहाच्या फुलांची भट्टी परिचित आहे; त्या पद्धतीत आंबविलेले द्रावण उकळून त्याची वाफ गोळा करतात. वाइनमध्ये आंबविण्यावरच काम थांबते. त्यामुळे मद्यार्काचे प्रमाण साधारण बारा-तेरा टक्के राहते.

कशाबरोबर काय

सांसेरजवळ शाविन्योल नावाचे खेडे आहे. तेथील शेळीच्या दुधाचे लहानसे, गोल चीज आणि सांसेरची वाइन ही जोडी फ्रान्समध्ये आपल्याकडील पिठले-भाकरीइतकी गृहीत धरलेली आहे. चीज खारट आणि किंचित आंबट. वाइन त्याहून थोडी अधिक आंबट. मीठ वाइनच्या आंबटपणाची धार बोथट करते आणि वाइन चीजमधील स्निग्धतेचा लेप जिभेवरून धुऊन नेते. हे एकच उदाहरण नीट समजले, तर बाकीचे बरेचसे आपोआप सुचते.

भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी घराणी आहेत. १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुरातून या प्रदेशाचा कारभार पाहिला. त्यानंतरही नोकरी-व्यवसायानिमित्ताने कुटुंबे येत राहिली आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात आजही ती एकत्र जमतात. या घरांतील ताट मोठे मनोरंजक असते, कारण कोथिंबीर वडी आणि तांदळाचा चीला त्यात शेजारी-शेजारी नांदतात. योगायोग असा, की या मिश्र ताटातील अनेक पदार्थ सोव्हिन्यों ब्लांसाठी जणू मुद्दाम बेतल्यासारखे आहेत.

कोथिंबीर वडीचेच पाहा. तिच्यातील हिरवा वास आणि वाइनमधील हिरवा वास एकमेकांना ओळखतात. तळणीचा तेलकटपणा आंबट घोटाने साफ होतो. चण्याच्या डाळीची, वाफवलेली छत्तीसगडी बफौरी तर त्याहून हलकी. तिच्यातील कांदा, कोथिंबीर आणि बेताची हिरवी मिरची यांना ही वाइन उत्तम साथ देते. तीळ-मोहरीची फोडणी दिलेला फराही चालतो. चीला टोमॅटो आणि हिरव्या मिरचीच्या चटणीबरोबर खातात. येथे एक नियम लक्षात ठेवावा, की पदार्थाचा आंबटपणा वाइनहून अधिक असू नये, अन्यथा वाइन पाणचट लागते. टोमॅटोची चटणी या मर्यादेत बसते, कैरीचे लोणचे बसत नाही.

कोचईची पाने, म्हणजे आपले अळू. महाराष्ट्रात त्याची चिंच-गुळाची वडी होते. छत्तीसगडात उडदाच्या डाळीचे वाटण लावून ती पाने वाफवितात आणि दह्याच्या आंबट कढीत शिजवितात. या पदार्थाला इडहर म्हणतात. एकाच पानाचे हे दोन अवतार वाइनच्या दृष्टीने अगदी वेगळे ठरतात. इडहरमधील दह्याचा आंबटपणा वाइनशी जुळतो. मराठी अळूवडीत मात्र गूळ पडलेला असतो आणि गोड पदार्थाच्या मागोमाग घेतलेली कोरडी वाइन नुसती आंबट, जवळजवळ कडवट भासते. अळूवडी करायचीच असेल तर गूळ कमी करून वर लिंबू पिळावे, किंवा सोव्हिन्यों ब्लांऐवजी किंचित गोडसर शेनिन ब्लां निवडावी. आमटीत गोडा मसाला आणि गूळ घालणाऱ्या घरांना हाच सल्ला लागू पडतो.

माशांच्या बाबतीत रायपूरकर समुद्रापासून दूर असले तरी वंचित नाहीत. हे तलावांचे शहर. रोहू आणि कतला येथे नेहमीचे. हळद-मीठ लावून तव्यावर परतलेला, वर लिंबू पिळलेला रोहूचा तुकडा आणि थंड पांढरी वाइन, ही जोडी पापलेटच्या जोडीइतकीच चोख आहे. तांबड्या वाइनबरोबर मासा अनेकदा लोखंडासारखा, उग्र लागतो. पांढऱ्या वाइनमध्ये हा धोका बहुधा नसतो. शाविन्योलच्या चीजला आपल्याकडे जवळचा पर्याय म्हणजे ताजे पनीर. मीठ, भरडलेली मिरी आणि पुदिना लावून थंडच खावे. पनीर बटर मसाला मात्र नको, कारण त्यातील साय, काजू आणि साखर यांच्यापुढे वाइन हरते.

नागपूर जवळ असल्याने रायपुरात सावजी रश्श्याचे चाहते पुष्कळ. त्यांनी ही वाइन त्या जेवणापुरती कपाटातच ठेवावी. मद्यार्क मिरचीचा दाह वाढवितो आणि सावजीच्या तर्रीपुढे सोव्हिन्यों ब्लांच्या नाजूक वासाचा मागमूसही उरत नाही. पुरणपोळी आणि श्रीखंड यांच्याबाबतही तेच. उलट साधा वरण-भात, तूप आणि लिंबू हे ताट सहसा कोणी वाइनशी जोडणार नाही. परंतु तूप आणि लिंबू यांचे त्या भातात जे नाते असते, तेच नाते या वाइनचे कोणत्याही स्निग्ध, सौम्य पदार्थाशी असते. एकदा करून पाहण्यास हरकत नाही.

वाइन आठ ते दहा अंशांवर प्यावी. शीतकपाटातून काढल्यावर दहा मिनिटे बाहेर ठेवावी, असे पाश्चात्त्य पुस्तके सांगतात. मे महिन्यातील रायपुरात दोन मिनिटे पुरेत. बर्फ घालू नये. पातळ झालेली वाइन आंबट राहत नाही आणि सुगंधीही राहत नाही. हवे तर पेलाच थोडा वेळ शीतकपाटात ठेवावा. उघडलेली बाटली झाकण लावून थंड ठेवल्यास दोन-तीन दिवस टिकते.

बेदाणाही होत नाही

हे सारे चवीविषयी झाले. ज्याच्या बागेतून हा आंबटपणा येतो, त्याची बाजू वेगळी आहे.

खाण्याचे द्राक्ष पिकविणाऱ्या शेतकऱ्याला बाजार अनेक वाटा देतो. माल निर्यातीच्या प्रतीचा नसेल तर देशी बाजारात जातो. तेथेही भाव पडला तर शेडवर सुकवून बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाला यांपैकी एकही वाट नाही. मणी लहान, साल जाड, आत बिया. फळविक्रेता ते घेत नाही आणि बेदाणा तर नावाप्रमाणेच बिनदाण्याचा असावा लागतो. त्यातून एका एकरात उतरणारा मालही खाण्याच्या द्राक्षाच्या मानाने कमी, कारण वेलीवर घड मुद्दाम मर्यादित ठेवावे लागतात. खुंट लावणे, कलम बांधणे, मांडव किंवा तारांचा आधार उभारणे या खर्चानंतर पहिले व्यापारी पीक हाती येण्यास साधारण दोन-अडीच वर्षे जातात. त्या मालाला गिऱ्हाईक एकच, वायनरी. केवड्याचा आणि भुरीचा धोका मात्र दोन्ही बागांना सारखाच.

२००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांची आखणी झाली. नवनव्या वायनऱ्या उभ्या राहिल्या आणि खाण्याच्या द्राक्षाच्या भावातील चढउतारांना कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी करार करून वाइनच्या जाती लावल्या. परदेशी वाइनवरील सीमाशुल्क अनेक वर्षे दीडशे टक्क्यांच्या घरात असल्यामुळे देशी वाइनला आडोसाही होता. काही वर्षे सर्व आकडे वरच चढत गेले.

मग २००८ उजाडले. जागतिक मंदी आली आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. पर्यटन आणि तारांकित हॉटेले हीच त्या काळी वाइनची मुख्य गिऱ्हाइके. तीच ओस पडली. पुढच्या हंगामात घड तयार झाले, तेव्हा अनेक वायनऱ्यांच्या टाक्या आधीच्याच मालाने भरलेल्या होत्या. येथे पांढऱ्या वाइनचा ताजेपणा, जो पेल्यात तिचे सर्वस्व असतो, तोच ताळेबंदात तिचा शत्रू ठरला. उत्तम तांबडी वाइन गोदामात थांबू शकते, तिची किंमत प्रसंगी वाढतेही. सोव्हिन्यों ब्लां दीड-दोन वर्षांत विकली गेली नाही, तर तिचा हिरवा वास मावळतो आणि उरतो तो रंग गडद झालेला, निर्जीव साठा. कर्जासाठी तारण असलेल्या मालाचे मूल्य टाकीत बसल्या-बसल्या घटत जाते, हे खेळते भांडवल मंजूर करताना किती जणांनी लक्षात घेतले होते, हा प्रश्न बँकिंग क्षेत्राने स्वतःला विचारण्यासारखा आहे. साठ्याचे विवरणपत्र लिटर मोजते. ते लिटर कोणत्या हंगामाचे, हे वेगळे विचारावे लागते.

वायनऱ्यांनी खरेदी कमी केली, काहींनी थांबविली, काहींची देणी आणि कर्जे थकली. शेतकऱ्यासमोर पिकलेले घड होते आणि गिऱ्हाईक नव्हते. अनेकांनी मिळेल त्या भावाने माल दिला. त्यानंतरच्या काळात बऱ्याच बागा मुळासकट काढण्यात आल्या, तर काहींनी त्याच खुंटावर पुन्हा खाण्याच्या द्राक्षाची कलमे बांधली. एक शिकवण तेव्हा ठळक झाली. कागदावरचा करार खरेदीदाराच्या गाठीच्या पैशाइतकाच भक्कम असतो, आणि शेतकऱ्याला कर्ज देताना त्याच्या सातबाऱ्याबरोबर त्या खरेदीदाराचा ताळेबंदही वाचावा लागतो.

जे टिकले, ते ग्राहकाला थेट बागेत आणून टिकले. नाशिकला चवगृहे, निवासाची सोय, उत्सव सुरू झाले; वाइन पिणारा माणूस पंचतारांकित हॉटेलपुरता मर्यादित राहिला नाही. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले, जसे सांसेरला १९३६ मध्ये प्रदेशनाम मिळाले होते. २०१३ मध्ये शॅम्पेनसाठी विख्यात असलेल्या एका फ्रेंच समूहाने नाशिकच्या द्राक्षांपासून ‘शाँदों’ ही फसफसणारी वाइन भारतात आणली. डिसेंबर २०२२ मध्ये सुलाचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. एका फ्रेंच वेलीची ही पंचवीस वर्षे, आणि त्यांतील मधली तीन-चार वर्षे उखडलेल्या बागांची.

छत्तीसगडात २०१७ मध्ये किरकोळ मद्यविक्री राज्य शासनाच्या महामंडळाने हाती घेतली. त्यामुळे रायपुरात निवडीला वाव मर्यादित. तरीही बाटली घेताना एक गोष्ट अवश्य पाहावी. बहुतेक बाटल्यांवर द्राक्षतोडणीचे वर्ष छापलेले असते. तांबड्या वाइनच्या बाबतीत जुने वर्ष अभिमानाने दाखविले जाते. सोव्हिन्यों ब्लांच्या बाबतीत शक्य तितके अलीकडचे वर्ष निवडावे, आणि दोन वर्षांहून जुनी बाटली सवलतीत मिळत असली तरी सोडून द्यावी. दुकानाच्या दर्शनी भागात, उन्हाच्या झोतात उभी ठेवलेली बाटलीही नको; विदर्भ ओलांडून मालमोटारीने आलेल्या वाइनने उन्हाळा आधीच पुरेसा सोसलेला असतो. जानेवारी-फेब्रुवारीत नाशिकला तोडलेल्या द्राक्षांची वाइन साधारण पावसाळ्याच्या सुमारास बाजारात येऊ लागते. रायपुरात तोवर पहिल्या सरी पडून गेलेल्या असतात आणि बाजारात कोचईची कोवळी पाने आलेली असतात.